हवेला वाट, पाण्याला उतार

सायझिंगच्या यंत्रावरून उतरलेल्या ताण्याचा, म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्यांचा, एक पट्टा जरासा ओला राहिला, तर त्या खात्यात ते कुणाच्या लक्षात येईलच असं नाही. कळतं ते नंतर, साच्यावर, म्हणजे मागावर. ओले धागे एकमेकांना चिकटतात, फणीत अडकतात आणि तुटतात. जास्त भाजलेले धागेही तुटतात, कारण ते काडीसारखे कडक झालेले असतात. साचा थांबतो, कामगार गाठ मारतो, साचा सुरू करतो, तो पुन्हा थांबतो. मजुरी विणलेल्या कापडावर मिळत असेल, तर तुटलेला प्रत्येक धागा त्याच्या पगारातून वजा होतो. या सगळ्याचं मूळ मात्र दुसऱ्याच खात्यात असतं, वाफेने तापणाऱ्या एका भल्यामोठ्या नळकांड्यात. ते नळकांडं सगळीकडे सारखं तापलेलं नसतं.

हे मला ज्यांनी सांगितलं, ते हिंगणघाटच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात आयुष्य काढलेले आमचे शेजारी. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो. आज ते ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या तळहाताची कातडी अजून जाड आहे आणि उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं. तरी गेल्या जानेवारीत, बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावातल्या एका शंभर वर्षं जुन्या घराच्या तळघरात काय बिघडलंय, हे त्यांनी इथल्या ओसरीत बसून ओळखलं. ते कसं ओळखलं, ते लिहून ठेवावं म्हणून हा लेख.

हिंगणघाट आणि वाफ यांचं नातं आधी सांगायला हवं. वणा नदीकाठचं हे गाव कापसाचं. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ हे कापसाच्या एका प्रतीचंच नाव होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे सगळ्यांचं लक्ष वळलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्याचं नाव, आणि त्याच्या अहवालांमध्ये हिंगणघाटचा कापूस पुन्हा पुन्हा येतो. १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणींकडे रेल्वे गेली. कापूस दाराशी आणि कोळसा हाकेच्या अंतरावर, असा योग जुळला. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल उभारली ती याच हिशेबाने. १ जानेवारी १८७७ला ती सुरू झाली. पाठोपाठ हिंगणघाटातही गिरणी आली. बन्सीलाल अबीरचंद आणि रेखचंद मोहता ही दोन नावं इथल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही गिरण्यांची नावं म्हणूनच येतात. पहिली गिरणी पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने तर गल्लोगल्ली होते. या सगळ्यांना चालवलं वाफेने. नंतर वीज आली आणि वाफेची इंजिनं गेली, पण बॉयलर गेले नाहीत. खळ शिजवायला, सूत वाळवायला, कापड रंगवायला वाफच लागत राहिली.

सायझिंग म्हणजे ताण्याला खळ लावणं. हजारो धाग्यांचा पडदा उकळत्या खळीतून जातो, रुळांमध्ये पिळला जातो आणि तापलेल्या सिलिंडरांवरून फिरत वाळतो. जुन्या यंत्रांत तांब्याचे दोन सिलिंडर असत, मोठा माणसाहून उंच. वाफ आसाच्या पोकळीतून आत शिरते, सिलिंडरच्या भिंतीला उष्णता देते आणि तिचं पाणी होतं. हे पाणी आतल्या पंज्यांनी उपसून दुसऱ्या बाजूच्या आसातून बाहेर काढायचं. बाहेर ट्रॅप असतो. तो पाण्याला जाऊ देतो, वाफेला अडवतो.

“सगळा खेळ त्या टरपाचा,” काकाजी म्हणाले. “टरप बसला की आत पाणी साचते. पाणी साचलं की पत्रा थंड. मंग मास्तर वरडते, वाफ वाढवा, वाफ वाढवा. वाफ वाढवून काय होते? बाकीचं सूत जळते, थंड जागा थंडच राह्यते.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. ते मेडफर्डला उपयोगी पडेल, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

मेडफर्डला माझी भाची राहते. १९२०च्या सुमाराचं दुमजली लाकडी घर तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी घेतलं. त्या भागात अशा जुन्या घरांमध्ये तळघरात बॉयलर आणि खोल्याखोल्यांत ओतीव लोखंडाचे रेडिएटर असतात. जानेवारीत बाहेर उणे बारा अंश, हॉलमध्ये इतकं उकडायचं की खिडकी उघडावी लागे, आणि मागच्या बाजूच्या लहान खोलीत, जिथे तिची चार वर्षांची मुलगी झोपते, तिथला रेडिएटर हाताला कोमटही लागत नसे. रात्री पाइपांतून हातोड्याने ठोकल्यासारखा आवाज यायचा. एक हीटिंगवाला येऊन गेला. त्याने बॉयलरचा दाब वाढवून ठेवला आणि पैसे घेऊन गेला. त्यानंतर हॉल आणखी तापला, ठोके वाढले आणि लहान खोली होती तशीच राहिली.

भाची फोनवर हे सांगत होती तेव्हा मला काकाजींचं ते वाक्य आठवलं. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे तिच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, मी फोन घेऊन काकाजींच्या ओसरीत जाऊन बसलो.

पुढचं सांगण्याआधी वाफेचा हिशेब मांडायला हवा, कारण तो कळला की बाकीचं आपोआप उलगडतं. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. उकळीला आलेल्या त्याच किलोभर पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात, आणि तापमान मात्र शंभरच राहतं. वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा या ५४० परत मिळतात. घर तापतं ते यावर. रेडिएटर गरम राहतो तो वाफ त्यात शिरून पाणी होत राहते म्हणून. ते थांबलं की तो नुसता लोखंडाचा ठोकळा.

दुसरी गोष्ट जागेची. एक लिटर पाण्याची साधारण १,६७० लिटर वाफ होते. बॉयलर विझला की ही सगळी वाफ आटून पुन्हा लिटरभर पाणी होते आणि पाइप-रेडिएटरांत पोकळी पडते. ती पोकळी भरायला बाहेरची हवा आत शिरते. म्हणून दर वेळी बॉयलर पेटतो तेव्हा सगळे पाइप-रेडिएटर हवेने भरलेले असतात, आणि वाफेला पुढे जायचं तर आधी ती हवा बाहेर पडली पाहिजे. दोन इंची पाइपच्या तीस फुटांत सुमारे वीस लिटर हवा मावते. ती काढायला मुख्य पाइपच्या शेवटी आणि प्रत्येक रेडिएटरवर एकेक व्हेंट असतो. तो हवेला सोडतो आणि वाफेचा चटका लागला की आपोआप मिटतो.

व्हेंट बुजला तर? मग दाब कितीही वाढवा, हवा आत अडकूनच राहते, फक्त जराशी दबते. वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. त्यावर एक पौंड चढवला तर शंभर भाग हवा ९४ भागांत मावते. दोन पौंड चढवले तर ८८ भागांत. म्हणजे रेडिएटरचा जेमतेम आठवा भाग वाफेला मिळतो आणि बाकीचा थंड राहतो. ज्याने हा हिशेब एकदा करून पाहिला, तो पुन्हा कधी दाबाच्या चावीला हात लावणार नाही. घरातली वाफ दोन पौंडांच्या आतच ठेवायची असते. गिरणीच्या बॉयलरवर शंभर पौंडांच्या आसपास असायचे, ते इंजिनासाठी आणि लांबच्या खात्यांसाठी. सिलिंडरपर्यंत येताना ते उतरवून घेत.

काकाजींनी आधी पाइप पाहिले. भाची फोन घेऊन तळघरात उतरली, बॉयलरपासून निघालेला मुख्य पाइप दाखवत चालली.

“पाण्याचा पाइप कोनता?” त्यांनी विचारलं.

“वेगळा नाही, आजोबा. हाच एक. वाफ यातूनच जाते आणि पाणी यातूनच परत येतं.”

काकाजी गप्प झाले. पन्नास वर्षं त्यांनी वाफेचा पाइप निराळा आणि पाण्याचा निराळा पाहिला होता. एका नळीतून जाणं आणि येणं ही गोष्ट त्यांच्या अनुभवात नव्हती. खरं सांगायचं तर मला वाटलं, संपलं, आता ते म्हणतील की हे आपल्याला ठाऊक नाही. ते थोडा वेळ ओसरीच्या फरशीकडे पाहत राहिले.

“मंग उतार पायजे,” ते म्हणाले. “दोघं एकाच वाटेनं चालले त पाण्याले खाली राहू द्या लागन, वाफेले वरून जाऊ द्या लागन. पोरी, पाइप कुठं लोंबला हाये का, पाहाजो.”

लोंबला होता. तळघराच्या मधोमध छताला बांधलेली एक पट्टी तुटली होती आणि पाइप तिथे दोन बोटं खाली आला होता. त्या खोलगट भागात पाणी साचायचं. मागून धावत येणारी वाफ ते पाणी उचलून पुढच्या वळणावर आपटायची. रात्रीचा हातोडा तो होता. सिलिंडरला घाईने वाफ सोडली की सोमवारी सकाळी गिरणीत हाच आवाज यायचा, असं काकाजी म्हणाले. सुटीनंतर यंत्र थंडगार असतं, म्हणून आधी खालच्या तोट्या उघडायच्या, वाफ हळूहळू सोडायची, हवा आणि पाणी निघून तोटीतून कोरडी वाफ यायला लागली की मगच तोट्या मिटायच्या. घाई करणाऱ्याचा पाइप फुटायचा. आणि वाफ बंद करताना आत हवा घेणारी झडप अडकली असेल, तर तांब्याचा सिलिंडर बाहेरच्या हवेच्या दाबाने पिचकायचा. तसा पिचकलेला सिलिंडर त्यांनी एकदा पाहिला होता.

मग त्यांनी बॉयलर पेटवायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. मुख्य पाइप किती मिनिटांत कुठपर्यंत तापतो, ते भाचीने हाताला फडकं गुंडाळून पाहायचं. पहिली दहा फुटं चटकन तापली. हॉलचा रेडिएटर तिथूनच निघत होता, तो सुसू करत तापायला लागला. पुढे पाइप थंड. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, आणि हॉलमधल्या थर्मोस्टॅटने बॉयलर विझवला. हॉल तापला होता ना. त्याला लहान खोलीशी देणंघेणं नाही. वाफ पाइपच्या टोकापर्यंत पोचलीच नव्हती.

“टोकाले काय हाये?”

टोकाला एक लहानसा गोळा होता, त्यावर पांढऱ्या रंगाचे तीन-चार हात दिलेले. कुणीतरी तळघर रंगवताना तोही रंगवून टाकला होता.

“तो श्वास घेते का पाहा. पातळ कागद धरजो जवळ.”

पुन्हा पेटवल्यावर तिने टिश्यू पेपर धरला. कागद हलला नाही. हॉलमधल्या व्हेंटजवळ धरला, तर फडफडला. काकाजींनी मान डोलावली. गिरणीत ते ट्रॅप तपासायला लांब पेचकस ट्रॅपला टेकवून त्याची मूठ कानाला लावत. चांगला ट्रॅप थांबून थांबून बोलतो. सारखा फुसफुसणारा वाफ गळवतो. मुका आणि थंड असेल तर तो बसला. उजवा कान त्यातच गेला की साच्यांच्या खडखडाटात, ते त्यांना सांगता येत नाही.

बॉयलरला आणि दाबाच्या चावीला भाचीने स्वतः हात लावायचा नाही, हे आम्ही दोघांनीही तिला बजावलं. तळघरातल्या जुन्या पाइपांवरचं पांढरं लेपण ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, ते खरवडायचं नाही, हेही. परवानाधारक मिस्त्री आला. या वेळी भाचीने त्याला कागदावर चार गोष्टी लिहून दिल्या. त्याने टोकाचा व्हेंट बदलला, तुटलेली पट्टी बांधून पाइपला उतार दिला, दाब पुन्हा दीड पौंडावर आणला. वाफ टोकाला सहा मिनिटांत पोचली.

तरी लहान खोलीचा रेडिएटर अर्धाच तापत होता. दुसऱ्या रविवारी पाणसळ मागवली. शंभर वर्षांत लाकडी जमीन भिंतीकडे दबली होती आणि रेडिएटर झडपेपासून दूरच्या बाजूला कलला होता. पाणी परत यायच्या ऐवजी टोकाला साचत होतं. दूरच्या पायांखाली लाकडाच्या चपट्या सरकवल्या. त्यातच कळलं की खोली गार म्हणून कुणीतरी झडप अर्धी फिरवून ठेवली होती. एकाच पाइपच्या रेडिएटरला झडप एक तर पूर्ण उघडी हवी, नाहीतर पूर्ण बंद. अर्ध्या वाटेत वाफ आणि पाणी एकमेकांना अडवतात. शेवटी हॉलमधला व्हेंट काढून हळू हवा सोडणारा बसवला आणि लहान खोलीत जलद सोडणारा, म्हणजे जवळच्याने घाई करू नये आणि लांबच्याला उशीर होऊ नये. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी मुख्य पाइपची हवा, मग उतार, मग खोल्यांचे व्हेंट. उलट केलं तर एक खोली सुधारताना दुसरी बिघडते. न्हाणीघरातला रेडिएटर अजून शिट्टी वाजवतो. त्याचं कारण आम्हाला सापडलेलं नाही.

अमेरिकेतही ही विद्या आता थोड्यांच्याच हातात आहे. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याखालच्या पाइपांतून इमारतींना वाफ पुरवायला १८८२ मध्ये सुरुवात झाली, आणि ते जाळं आजही मॅनहॅटनमध्ये चालू आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या घरांत गरम हवा आणि गरम पाण्याच्या पद्धती आल्या, आणि वाफेचे मिस्त्री निवृत्त होत गेले. डॅन होलोहान या लेखकाने जुन्या मिस्त्र्यांकडून आणि जुन्या पुस्तकांतून ही माहिती गोळा करून १९९२ मध्ये ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ हे पुस्तक काढलं. हरवलेली कला, हे नावच. भाचीने ते मागवलं. काकाजींनी ओसरीत बसून जे सांगितलं, त्यातलं बरंचसं त्यात आकृत्यांसह आहे. घरात वाफेचा दाब कमी ठेवा, हे त्याचं सांगणं तर काकाजींच्या मास्तरवाल्या वाक्याला अगदी जुळतं.

फरक इतकाच की तिथे कुणीतरी ते लिहून काढलं. आपल्याकडे बॉयलरचा कायदा १९२३मध्येच आला, बॉयलर अटेंडंटला परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो. पण सायझिंगच्या सिलिंडरमधलं पाणी कानाने ओळखणाऱ्याला कुठलाही दाखला नव्हता. त्यांचं ज्ञान जॉबरकडून, म्हणजे मुकादमाकडून, बदली कामगाराकडे, बापाकडून मुलाकडे गेलं आणि खाती बंद पडली तिथे थांबलं. विदर्भातल्या गिरण्यांचा इतिहास आपण संप, टाळेबंदी, थकबाकी यांच्या भाषेत लिहिला, आणि ते लिहायलाच हवं होतं. पण त्या माणसांना काय येत होतं, हे लिहायचं राहून गेलं. मला हे फार मोठं नुकसान वाटतं. मिळालेली भरपाई कुठेतरी कागदावर आहे. सोमवारी सकाळी थंड सिलिंडरला वाफ किती वेळात, कुठली तोटी आधी उघडून सोडायची, ते कुठेच नाही.

तिसऱ्या रविवारी भाचीने लहान खोलीतून फोन लावला. मुलगी रेडिएटरजवळच्या पलंगावर झोपली होती. काकाजींनी विचारलं, “आवाज येते का आता?” ती म्हणाली, नाही येत. ते म्हणाले, “मंग पाणी बरोबर चाललं,” आणि फोन माझ्याकडे दिला.

हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला, नागपूर, सोलापूर, मुंबई; जिथे जिथे गिरणी होती, तिथल्या ज्या घरात सायझिंगचा, बॉयलरचा, रंगखात्याचा माणूस अजून आहे, त्या घरातल्या मुलामुलींना, नातवंडांना माझी विनंती आहे. या दिवाळीत त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. यंत्र काय होतं, वाफ कुठून यायची, ती कुठे अडायची, कशावरून कळायचं आणि ते काय करायचे, एवढं विचारा. त्यांचे शब्द ते बोलतात तसेच लिहा. ट्रॅपला ते टरप म्हणत असतील, तर टरपच लिहा.